वरची पट्टी

प्रिय खुडबुड्या,

तुमच्या डेस्कटॉपवरच्या माझ्या सूचनांची आणखी एक खेप आली, असं समजून तू चहा घेऊन आरामात बसला असशील, तर बसूनच राहा. सूचना आहेतच. पण त्याआधी एक गोष्ट सांगते, आणि ती सरळ सांगते, कारण एकदा आढेवेढे घ्यायला लागले की मी तीन पानं घेऊ शकते हे तुला माहीत आहे. मला काचबिंदू झालाय. दोन्ही डोळ्यांत. वरच्या बाजूची नजर बरीचशी गेली आहे आणि गेलेली परत येत नाही. उरलेली टिकणं औषधावर आहे, माझ्या शिस्तीवर आहे, आणि आणखीही कशावर तरी आहे, ज्याचं नाव डॉक्टरीणबाईंनी घेतलं नाही. मी घाबरले आहे. विनोद करतेय म्हणजे कमी घाबरले असेन असं समजू नकोस. आपल्या घरात घाबरायची पद्धतच ती आहे.

हे कळलं ते तुझ्या लिनक्समुळे. आणि इतके दिवस कळलं नाही, तेही तुझ्या लिनक्समुळेच. आमच्या ग्रंथालयाने सगळ्या संगणकांवर विंडोज काढून, फुकट मिळतं म्हणून लिनक्स बसवलं आणि त्याचं दर्शनी रूप नेमकं तुम्ही मंडळी फावल्या वेळात, एक छदामही न घेता घडवता तेच निघालं, तेव्हा मला कोण अभिमान वाटला होता. हस्तलिखित विभागात सांगत सुटले की याची दारं-खिडक्या माझ्या धाकट्या भावाने बसवली आहेत. एकीने तर तुला सुतार समजून तिच्या कपाटाचा अंदाज मागितला. मग त्याच दारं-खिडक्यांनी माझा छळ मांडला.

माझं काम तू जाणतोस. एकाच ग्रंथाच्या दोन जुन्या पोथ्यांची छायाचित्रं शेजारी शेजारी उघडायची, ओळीला ओळ लावायची आणि कुठल्या नकलकाराने कुठे काय वेगळं लिहिलंय ते टिपायचं. म्हणजे दिवसभर स्क्रीनकडे डोळे लावून बसायचं. आणि तुमची नोटिफिकेशनं उगवायची स्क्रीनच्या पार वरच्या कडेला, कुणी पाहायच्या आत मावळायची. फाइल जतन झाली नाही हे सांगणारी पट्टी खिडकीच्या माथ्यावर. ती दिसली नाही म्हणून माझी एक अख्खी दुपार हवेत विरली. बॅटरी संपत आल्याचा इशाराही वरच. संगणक माझ्यादेखत मान टाकायचा आणि मी शेजारच्या टेबलावरच्या नकाशेवाल्याला विचारायची की याला झालं काय. मुद्दाम वर बघितलं की मात्र ती पट्टी तिथे असायची, निमूट, जणू जन्मापासून तिथेच आहे. माझा राग होता तो यावर. हवी तेव्हा दिसायचं नाही, आणि शोधायला जावं तर चेहरा साळसूद.

मी तुमच्या चर्चामंचावर तक्रारी लिहू लागले. तिथे माझ्याशी जो वाद घातला गेला तो शास्त्रार्थाला शोभण्यासारखा होता, फक्त त्यात शास्त्र कमी आणि अर्थ त्याहून कमी. एकाने लिहिलं की पट्टी तिथेच आहे, नीट बघा. दुसऱ्याने लाल बाण काढून चित्र पाठवलं. मी उलट लिहिलं की जिथे बाण काढावा लागतो तिथे तुमची रचना हरली. हे वाक्य मला इतकं आवडलं की मी ते तुझ्या भावोजींना जेवताना वाचून दाखवलं. शेवटी तू मध्ये पडलास. माझ्यासाठी, आणि म्हणे माझ्यासारख्या इतरांसाठी, पट्टी खाली आणायची सोय केलीस. नोटिफिकेशनं खाली आली, ठळक झाली, हात लावेपर्यंत हलेनाशी झाली. ती मिटवायची फुली मोठी झाली. दर अपडेटला माझा संगणक थोडा थोडा माझ्या नजरेखाली येत गेला आणि मी तुला शाबासकीची पत्रं लिहीत गेले.

महाविद्यालयात शिकवत असताना मी मुलांना अनुपलब्धी शिकवायची. जमिनीवर घडा दिसत नाही, म्हणून तिथे घडा नाही, हे ज्ञान खरं धरायचं तर एक अट असते: उजेड हवा आणि डोळा धड हवा. अंधारात घडा दिसला नाही म्हणून घडा नाही, असं म्हणता येत नाही. ही अट लिहायला विसरणाऱ्यांचे गुण मी निर्दयपणे कापले आहेत. आणि स्वतःवर वेळ आली तेव्हा उजेड तपासला, स्क्रीन पुसली, माऊस बदलला, तुला झापलं, पण डोळ्याकडे बोट दाखवायचं सुचलं नाही. कारण न दिसणारी जागा काळी दिसत नाही रे. लोकांना वाटतं पडदा येतो. काही येत नाही. मेंदू ती रिकामी जागा आजूबाजूच्या रंगाने सारवून टाकतो, इतकी सफाईदार की आपण म्हणतो, भिंत आहे. आणि तिथे भिंत नसते, माणूस उभा असतो.

घरातही हेच चाललं होतं. स्वयंपाकघरातल्या वरच्या कपाटाचं दार मीच उघडं ठेवायची आणि मीच त्यावर कपाळ आपटायची. दोष अर्थातच तुझ्या भावोजींचा. तो माणूस जन्मभर लिफ्ट दुरुस्त करत आला, पण स्वतः कधी वर-खाली होत नाही. त्यांनी आधी दाराच्या कोपऱ्याला जुना मोजा शिवला. मी मोज्यावर आपटू लागले. मग त्यांनी दारंच काढून टाकली. जेवणाच्या टेबलावरचा दिवा आणखी उंच टांगला. फाटकातली फांदी छाटली. मी म्हटलं, चला, लग्नानंतर एवढ्या वर्षांनी का होईना, माणूस सुधारला. आता कळतंय की इकडून त्यांनी आणि तिकडून तू, दोघांनी मिळून माझ्याभोवतीचं जग इतकं सोयीचं करून ठेवलंत की आजाराला कुठे ठेचच लागली नाही. तो आपला आरामात पुढे सरकत राहिला.

मग तू ती चाचणी काढलीस. खालची पट्टी सगळ्यांनाच द्यायची की नाही हे ठरवायला साध्या माणसांना काम करताना बघायचं होतं, आणि तुमच्यातली एक बाई माझ्याच शहरात राहते म्हणून तू तिला माझ्याकडे धाडलीस. मी तिला मनातल्या मनात पर्यवेक्षिका म्हणू लागले, कारण ती परीक्षेच्या दालनात उभ्या राहणाऱ्या बायकांसारखीच होती: रबरी तळाच्या चपला, ओठ मिटलेले, हातात लाल पेन. तुमचा नियमही तिने वाचून दाखवला. मी काम करायचं आणि मनात येईल ते मोठ्याने बोलायचं. तिने बोलायचं नाही, बोट दाखवायचं नाही, मानसुद्धा हलवायची नाही. मी चुकले तरी बघत राहायचं. मला हा नियम फार आवडला. असा नियम पाळणारा एक नातेवाईक मला दाखव.

तिने तिचा लॅपटॉप ठेवला, त्यावर पट्टी मूळच्या जागी, वर. पहिली कामं मी बडबडत उरकली. मग काम आलं की एक संदेश येईल, त्याला उत्तर द्या. मी वाट बघत बसले. मोठ्याने सांगितलं की संदेश अजून आलेला नाही. थोड्या वेळाने पुन्हा सांगितलं. मग तुमचं टपाल फार संथ आहे म्हणून थट्टा केली. ती हसली नाही. तिच्याकडे बघितलं तर तिचा चेहरा असा झाला होता, जसा आपल्या आईचा व्हायचा, ताप मोजून झाल्यावर, आकडा सांगायच्या आधी. तो संदेश ती पुन्हा पुन्हा पाठवत होती आणि तो दर वेळी माझ्यासमोर येऊन जात होता, हे मला नंतर कळलं. आणि मग तिने तुमचा नियम मोडला.

ती म्हणाली, "स्क्रीनच्या मधोमधच बघत राहा. मान हलवू नका. आता माझ्या हातात काय आहे?"

मी म्हटलं, "कुठल्या हातात?"

तिचा हात माझ्या समोर होता. स्क्रीनच्या वर, हातभर अंतरावर. तिने तो सावकाश खाली आणला आणि एका क्षणी लाल पेन आणि ते धरलेली बोटं मागच्या भिंतीतून बाहेर आली, जशी भिंत पाण्याची असावी. तिने पुन्हा वर नेला. भिंत मिटली. मी तिला म्हटलं, परत करा. तिने परत केलं. मग मी म्हटलं, आता नको. तिने लॅपटॉप बंद केला, माझ्या ग्लासात पाणी ओतलं आणि सांगितलं की चाचणी अपूर्ण राहिली असं ती कळवेल, पण मी डॉक्टरांकडे आजच जायचं. तुला बाकी काही कळवू नये, ही विनंती माझी होती. तिच्यावर रागावू नकोस. तुझ्या साऱ्या मंडळींत काम चोख करणारी तीच एक दिसली, आणि तेही नियम मोडून.

डॉक्टरीणबाईंनी डोळ्यांतला दाब मोजला, खूप वेळ आत बघितलं आणि मग एका यंत्रापुढे बसवलं. पांढरा घुमट, हनुवटी टेकवायला खोबण, समोर एक ठिपका. ठिपक्यावरून नजर हलवायची नाही आणि घुमटात कुठेही उजेडाचा कण चमकला की हातातलं बटण दाबायचं. तुमच्या डेस्कटॉपहून वाईट रचना मी पहिल्यांदाच पाहिली. दाबलं ते बरोबर की चूक, काही सांगत नाही. किती उरलं, सांगत नाही. फक्त मधूनमधून आत कुठेतरी टिक वाजतं. थोड्याच वेळात माझ्या लक्षात आलं की टिक वाजतंय, म्हणजे कण चमकला असणार, आणि मला दिसला नाही. मग मी टिकवर बटण दाबू लागले. जन्मभर पहिला नंबर काढलेल्या बाईची खोड. यंत्र माझ्यापेक्षा हुशार निघालं. ते काही वेळा उजेडाशिवायच टिक करतं, माझ्यासारख्यांना पकडायलाच. बाईंनी कागद पाहिला आणि शांतपणे सांगितलं की कान तपासायचे नाहीत, डोळे तपासायचे आहेत, पुन्हा बसा.

दुसऱ्यांदा मी प्रामाणिकपणे बसले. टिक. काही नाही. टिक. काही नाही. पांढऱ्या स्वच्छ घुमटाकडे डोळे फाडून बघत होते आणि अंगठा बटणावर नुसता टेकलेला होता. टिक. मला ओरडून सांगावंसं वाटत होतं की थांबवा, कळलं मला. पण बोलायचं नव्हतं. खुडबुड्या, मी बाळंतपणात घाबरले नव्हते, आई गेली तेव्हा घाबरले नव्हते. त्या लख्ख उजेडाच्या वाटीत हनुवटी टेकवून बसले असताना मात्र घाबरले. नंतर त्यांनी छापील चित्र हातात दिलं. दोन वर्तुळं, दोघांच्याही वरच्या भागात शाई सांडलेली. मी विचारलं, हे पुसता येईल का. प्रश्न मूर्खपणाचा होता हे विचारतानाच कळलं. त्यांनी तरीही उत्तर दिलं.

आता रोज डोळ्यांत थेंब घालते. ती बाटली ज्याने घडवली त्याला डोळे नसावेत किंवा अंगठे नसावेत. रस्त्याने जाताना एक हात कपाळापुढे धरते, सलाम केल्यासारखा. चौकातला फळवाला हल्ली उलट सलाम करतो. सकाळी उठल्या उठल्या समोरच्या भिंतीवर नजर लावून बोट हळूहळू वर नेते आणि ते कुठे नाहीसं होतं ते बघते. याने काही कळत नाही, असं डॉक्टरीणबाईंनी दोनदा बजावलंय. भावोजींनी मला एकदा पकडलं. रागावतील असं वाटलं, पण ते पलंगावर शेजारी येऊन बसले आणि आपलं बोट माझ्या बोटाजवळ धरून वर नेऊ लागले. त्यांना ते दिसत राहिलं. मला नाही. कामावर मी जुनी पानं पुन्हा उघडते आहे, वरच्या समासात कुणा नकलकाराने बारीक अक्षरात काही लिहिलेलं माझ्या नजरेतून सुटलं का ते बघायला. दोन ठिकाणी सुटलंय. आणखी किती, हे शोधायलाही हेच डोळे आहेत.

डॉक्टरीणबाईंनी विचारलं होतं, घरात आधी कुणाला. मी ठामपणे नाही म्हटलं. बसमध्ये बसल्यावर आठवले आपलेच वडील, अप्पा. शेवटी शेवटी हनुवटी वर करून चालायचे, आठवतं? आपण म्हणायचो, सेवानिवृत्तीनंतर ताठा चढला. तू तर त्यांची नक्कल करायचास, छाती काढून, नाक आभाळात. त्यांनी सायकल विकली आणि कारण दिलं की रस्त्यावर माणसं फार झाली. पुढे भिंतीला हात लावत चालू लागले तेव्हा आपण वय म्हटलं, मोतीबिंदू म्हटलं, पिकल्यावर काढू म्हटलं. कुणी त्यांना त्या घुमटापुढे बसवलंच नाही. तो ताठा नव्हता. तो माणूस जग शोधत होता.

तर आता सूचना, म्हणजे तुझा चहा वाया जायला नको. माझ्या संगणकावरची पट्टी पुन्हा वर ने. सोय नको मला. रोज तिथे बघायला लागू दे, रोज चुकू दे, आणि ज्या दिवशी जास्त चुकेन त्या दिवशी मला कळू दे. हात लावेपर्यंत नोटिफिकेशन हलू नये ही सूचना मात्र कायम; ती धडधाकट डोळ्यांसाठीही योग्यच आहे आणि त्यावर मी तुमच्या मंचाशी आणखी एक जन्म भांडायला तयार आहे. आणि जिथे माणूस पट्टी खाली आणायचा पर्याय निवडतो, त्या पानावर एक साधं वाक्य घाला: वरचं सहज दिसत नसेल तर एकदा डोळे तपासून घ्या. तुमची मंडळी म्हणतील की हे आमचं काम नाही. तू त्यांना सांग की माझी बहीण म्हणते आहे, आणि तिला नाही म्हणायची सोय अजून कुणी केलेली नाही.

हे सगळं फोनवर सांगता आलं असतं, पण फोनवर तू मला हसवलं असतंस, मी हसले असते, आणि जे सांगायचं ते राहिलं असतं. काल पुन्हा डॉक्टरीणबाईंकडे गेले होते. अप्पांचं सांगितलं. त्यांनी पेन खाली ठेवलं आणि विचारलं, भावंडं किती. मी म्हटलं, एकच, धाकटा. त्या म्हणाल्या, हा आजार घराण्यात फिरतो, सख्ख्या भावंडांना धोका बराच जास्त असतो, त्यांना आधी बोलवा. चर्चामंचावर सगळे माझ्यावर तुटून पडले होते तेव्हा तू मला वेगळं लिहिलं होतंस की ताई, तू खुळी नाहीस, ती पट्टी मलाही दिसत नाही, मी पण रोज हुकतो. मी ते बहिणीची बाजू घेणं समजले. रात्री ते उघडून पुन्हा वाचलं. अरे, त्या अख्ख्या मंचावर बाकी प्रत्येकाला ती पट्टी दिसत होती. फक्त आपल्या दोघांना दिसत नव्हती. गेल्या महिन्यात तू हसत सांगितलंस की लाल सिग्नल झालेला कळलाच नाही, पावती फाटली, तो सिग्नलच फार उंच टांगलाय, त्याची रचना चुकलीय. मीही हसले होते, आणि रचनाकाराला दोन शब्द सुनावलेही होते. रचना चुकलेली नाही रे. तू रोज सकाळी माझ्या भाचीला मागच्या सीटवर बसवून त्याच चौकातून शाळेत नेतोस. हे पत्र वाचून होईल तेव्हा तू जिथे असशील तिथून गाडीची किल्ली भावजयबाईंच्या हातात दे, कारण विचारतील तर हाच कागद दे, आणि डोळ्यांच्या डॉक्टरांकडे पायी जा. जाताना एक हात कपाळापुढे धर. लोक हसले तर हसू देत.

तुझ्या उत्तरापर्यंत जीव मुठीत धरून बसलेली,
तुझीच,
ताई